एकाच ठशाची बावीस नाणी

१

मंगळवार हा माझा वजनांचा दिवस. बॉनमधल्या त्या संस्थेत नाजूक काटा एकच होता आणि तो सगळ्यांना वाटून घ्यावा लागे. माझ्या वाट्याला मंगळवारची सकाळ आली होती. ११ नोव्हेंबर १९५८ च्या सकाळी माझी अठरा नाणी तोलून झाली होती. करंगळीच्या नखाएवढी, सव्वा-दीड ग्रॅमची ब्राँझची नाणी. आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर पूर्वी ग्रीकांची लहान लहान शहरं होती, त्यांतल्या एका शहराची ही सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची चिल्लर. शहराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

पुण्यातल्या कॉलेजात वीस वर्षं प्राचीन इतिहास शिकवून झाल्यावर, सेहेचाळिसाव्या वर्षी, मी दोन वर्षांची शिष्यवृत्ती घेऊन तिथे गेलो होतो. या नाण्यांची सूची करायची, एवढं काम.

एकोणिसावं नाणं पारड्यात होतं तेव्हा फ्राऊ लांगे आत आल्या. संस्थेतलं फोटोंचं आणि प्लास्टरचं काम त्या बघत. पन्नाशीच्या, उंच, बाह्यांना कायम पांढरी भुकटी लागलेली.

"हेर रेगे, तार आहे. भारतातून."

काट्याच्या खोलीत हळू बोलायचं, दार हळू लावायचं, असा नियम होता. त्या काटा स्थिर होईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या, मग त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. इंग्रजीत तीन ओळी होत्या. स्नेहलता रविवारी पहाटे गेली. विनयनं सगळं केलं. पत्र पाठवते. कुसुम.

कुसुम माझी बहीण, विनय तिचा मुलगा. स्नेहलता माझी बायको.

"वाईट बातमी?"

"या," मी म्हणालो. होकाराचा हा जर्मन शब्द तोवर माझ्या तोंडात बसला होता. "माझी बायको गेली."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, काढला. मी समोरच्या कार्डावर वजन लिहिलं. १.३४. ते कार्ड मी पुढे अनेकदा पाहिलं. अक्षर जराही हललेलं नाही.

उरलेली तीन नाणीही मी तोलली. काटा पुन्हा आठवड्यानंच मिळाला असता.

२

घरमालकिणीच्या नियमाप्रमाणे आंघोळीचा वार शनिवार. मंगळवारी न्हाणीघराला कुलूप. मी खोलीतल्या बेसिनपाशी उभा राहून डोक्यावरून तांब्याभर गार पाणी घेतलं. तांब्या म्हणजे दात घासायचा पेला. सहा-सात वेळा भरावा लागला.

सुतक पाळायला घर लागतं, माणसं लागतात. माझ्याकडे पलंग, टेबल आणि खिडकी होती. खिडकीखालून सेंट मार्टिनच्या सणाची मिरवणूक चालली होती. कागदी कंदील हातात घेतलेली मुलं गात जात होती.

दार वाजलं. श्रीरंग आला होता. तो बॉन विद्यापीठात पदार्थविज्ञानात डॉक्टरेट करत होता. माझ्याच कॉलेजचा जुना विद्यार्थी. हातात रुमालात बांधलेलं पातेलं.

"फ्राऊ लांगेंनी आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये फोन केला, सर." त्यानं पातेलं टेबलावर ठेवलं. "पिठलं-भात. बेसन मिळत नाही इथं. वाटाण्याचं पीठ आहे. हिरवट झालंय."

"बस."

"तुम्ही आधी खा. मी बसलो की बोलत बसतो."

मी चार घास खाल्ले. तो खिडकीकडे तोंड करून उभा होता.

"तुम्ही जायला हवं होतं सर," तो म्हणाला, आणि लगेच, "माफ करा. असं बोलू नये आज."

"खरं तेच बोललास. कुसुमचं पत्र आलं होतं ऑक्टोबरात. जमल्यास ये म्हणून. मी लिहिलं, नाताळात येतो. तेवढ्यात नाण्यांचे दोन ट्रे संपवून घेऊ म्हटलं."

"तुमच्या बहिणीला माहीत होतं, दुखणं इतकं वाढलंय ते?"

"मला माहीत होतं," मी म्हणालो.

मग तो बसला. आमच्याकडे माणूस उचलण्याआधी घरच्यांना बोलावतात, या, बघून घ्या म्हणतात. वडिलांच्या वेळी मी पाहिलं होतं, आईच्या वेळी पाहिलं होतं. त्या पाहण्यानं काय होतं ते मला सांगता येत नाही, पण ते झालं की माणूस गेलेला असतो. स्नेहलता माझ्यापुरती अजून सदाशिव पेठेतल्या मधल्या खोलीत कॉटवर होती. तिचा चेहरा एकदा पाहायला मिळायला हवा होता. त्या आठवड्यात आणि नंतरही मला दुसरं काही नको होतं.

श्रीरंग जाताना म्हणाला, "पातेलं राहू दे. उद्या वरण आणतो. तेही हिरवंच असणार."

३

बुधवारी मी कामावर गेलो.

हे काम थोडं सांगायला हवं. नाणं पाडायला दोन ठसे लागतात. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला. त्यावर धातूची चकती ठेवायची, वरून दुसरा ठसा धरायचा आणि घण मारायचा. खालच्या ठशात चेहरा खोल कोरलेला असतो, नाण्यावर तो उंच उमटतो. घाव सोसून ठशाला तडा जातो. तोही खोल, म्हणून नाण्यावर तो बारीक उंच रेघ होऊन येतो, आणि घावागणिक वाढतो. त्यामुळे रेघेच्या लांबीवरून नाण्यांचा क्रम लावता येतो. कुठलं आधी पाडलं, कुठलं नंतर.

माझी बावीस नाणी एकाच ठशाची होती. बाईचा चेहरा, एका बाजूनं दिसणारा, उजवीकडे पाहणारा. कोणी देवी असावी. नाणी काळपट-हिरवी, गंजलेली. नुसत्या डोळ्यांना फारसं कळत नसे. म्हणून नाणं तेलकट मातीत दाबायचं आणि त्या खळग्यात पातळ प्लास्टर ओतायचं. पांढरा छाप निघतो. रंग गेला की नुसता आकार उरतो, आणि तो दिवा तिरका धरून नीट पाहता येतो.

त्या बुधवारी मी बावीस छाप क्रमानं एका ट्रेमध्ये मांडले. पहिल्यात रेघ मानेपाशी होती. अकराव्यात ती कानापर्यंत आलेली होती.

अकराव्या छापावर नाकाच्या पलीकडे, जिथं मोकळी जागा असायला हवी तिथं, एक नाजूक उंचवटा होता. मी भिंग घेतलं. पापणी असावी असा.

"बुडबुडा," फ्राऊ लांगे म्हणाल्या. "माझीच चूक. घाईत ओतलं असेल."

आम्ही नवा छाप काढला. उंचवटा तिथंच होता.

"आल्झो, म्हणजे मग नाण्यावरच काहीतरी चिकटलंय."

तेही शक्य होतं. मी पुढचे छाप पाहिले. तेराव्यात उंचवट्यावर भुवई होती. सोळाव्यात नाकापलीकडे गालाची कड दिसत होती. बाविसाव्यात दुसरा डोळा जवळजवळ पूर्ण आला होता.

ठसा झिजतो, फुटतो, त्यात घाण बसते. त्यावरचं पुसट होत जातं. त्यात नसलेलं काही येत नाही. कारागिरानं मधेच हत्यार घेऊन कोरलं असलं तरच येईल, पण मग ते एकदम येईल, आणि तडाही नाहीसा करावा लागेल. इथे तडा शांतपणे वाढत होता, आणि त्याच्याबरोबर, नाण्यामागून नाणं, ती बाई वळत होती.

मी ट्रेवर झाकण ठेवलं. दुपारचे तीन वाजले होते, बाहेर ऱ्हाईनवरून आलेलं धुकं होतं. थकल्या माणसाला असं दिसतं, असं मी स्वतःला बजावलं.

४

पुढचे दिवस मी मोजमाप करण्यात घालवले. नाकाच्या टोकापासून कानापर्यंतचं अंतर कंपासनं घ्यायचं आणि लिहायचं. ते कमी कमी होत गेलं होतं. अनियमित, कुठे अगदी नावापुरतं, पण एकदाही वाढलं नव्हतं.

प्लास्टर आवळताना, म्हणजे घट्ट होताना, गरम होतं. ओतल्यावर अर्धा तास साचा हातात धरला तर ऊब लागते, मग थंड होतो. सोमवारी सकाळी मी कुलूप काढून खोलीत शिरलो आणि बाविसावा छाप उचलला. तो उबदार होता. ताप उतरत आलेल्या माणसाच्या कपाळाएवढा. बाजूचा एकविसावा थंड होता.

ट्रे खिडकीजवळ होता आणि खिडकीखाली हीटर. मी ट्रे पलीकडच्या भिंतीशी नेला. तासाभरानं पाहिलं तेव्हा दोन्ही थंड होते. म्हणजे हीटरच असणार. मी हेही लिहून ठेवलं.

त्या दुपारी श्रीरंग आला. मीच बोलावलं होतं. काही न सांगता त्याला ट्रे दाखवला.

"सुंदर आहेत," तो म्हणाला. "माझ्या गाईडपेक्षा सगळ्याच हसऱ्या."

"डावीकडून उजवीकडे बघ."

त्यानं पाहिलं. दिवा हलवून पाहिलं. "तिरका प्रकाश आहे सर. सावली पडली की चेहरा वळल्यासारखा वाटतो. खोलगट साच्यात तर फारच. आपण हललो की तो आपल्याबरोबर फिरतो. आमच्याकडे पहिल्या वर्षाला दाखवतात."

"हा कंपास घे."

तो मोजायला बसला. पहिली पाच-सहा मापं त्यानं मोठ्यानं वाचली. मग नुसती लिहू लागला. खोलीत कंपासचं टोक प्लास्टरवर टेकल्याचा बारीक आवाज तेवढा येत होता.

"क्रम तुम्ही लावलाय. चेहरा बघून लावला असेल तर—"

"तड्यावरून लावलाय. फ्राऊ लांगेंनी वेगळा लावला, न सांगता. तोच आला."

त्यानं कंपास मिटून खिशात टाकला. तो माझा होता हे आठवून परत काढला.

"सर, हे काम थोडे दिवस दुसऱ्या कोणाला द्या."

"का?"

"असंच. तुम्ही जेवत नाही आहात," तो म्हणाला. छापांकडे त्यानं पुन्हा पाहिलं नाही.

५

कुसुमचं पत्र बुधवारी आलं. निळं आंतरदेशीय... नाही, परदेशी जाणारं तसलंच निळं पत्र, कडेपर्यंत भरलेलं. मी ते संस्थेच्या जिन्यात उभा राहूनच वाचलं.

"प्रिय दादा, काय लिहू. वहिनींना फार त्रास झाला नाही असं डॉक्टर म्हणतात, तू तेच धरून चाल. दसऱ्यापासून त्या भिंतीकडे तोंड करूनच असायच्या. कूस बदलायला गेलं की नको म्हणायच्या. शेवटच्या आठवड्यात मात्र आपणहून वळायला लागल्या. एकदम नाही, रोज थोड्या. आपल्या हातानं वळवायला गेलं तर दुखायचं, म्हणून आम्ही नुसतं बघायचो. सोमवारी छताकडे बघत होत्या. नंतर दाराकडे. शनिवारी मला विचारलं, हे आले का. दादा, मी खोटं बोलले. म्हटलं, निघालेत. त्या म्हणाल्या, मग दार लोटू नका. पहाटे विनय उठला तेव्हा त्या पूर्ण दाराकडे वळलेल्या होत्या. डोळे मिटायला जरा वेळ लागला. सगळ्यांनी पाहून घेतलं. तू नव्हतास एवढंच."

खाली कोपऱ्यात लिहिलं होतं: "माझ्यावर रागावू नकोस, मला त्या वेळी दुसरं सुचलं नाही."

मी वर जाऊन टेबलाशी बसलो. ट्रेचं झाकण काढलं नाही. प्रत्येक कार्डावर छाप काढल्याची तारीख असते. बावीसच्या बावीस मूळ छाप नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात काढलेले होते, एवढं मला न पाहताही ठाऊक होतं. कुठला कोणत्या दिवशी, ते पाहायला कार्डं उलटावी लागली असती. मी ती उलटली नाहीत. एका ठशाची नाणी एका आठवड्यात हातावेगळी करायची ही कोणाचीही पद्धत असते, त्यात विशेष काही नाही.

६

शुक्रवारी फ्राऊ लांगे एक कागदी पाकीट घेऊन आल्या. संग्रहातली वाचता न येणारी नाणी त्यात टाकलेली असत.

"हे बघा. तुमच्याच ठशाचं आहे."

नाणं गंजानं पार माखलेलं होतं. चेहरा असा नव्हताच, नुसता खडबडीत फुगवटा. पण कडेला ती रेघ होती. मानेपासून निघून, वरती केसांपर्यंत गेलेली. ठसा दोन तुकडे व्हायच्या बेतात असताना पाडलेलं नाणं. बाविसाव्याच्याही नंतरचं. काटा त्या वेळी योगायोगानं मोकळा होता, मी ते तोलून आणलं. १.२९.

"साफ करायला गेलो तर भुगा होईल," त्या म्हणाल्या. "छापात मात्र काहीतरी दिसेल. काढायचा?"

त्या स्टुलावर बसल्या.

"तुम्हाला वाटतं मला दिसत नाही, हेर रेगे. मी तीन आठवडे तिचे फोटो काढतेय. ती वळतेय."

"तसं होत नसतं, फ्राऊ लांगे."

"गेनाऊ, अगदी बरोबर. होत नसतं." त्यांनी बाहीवरची भुकटी झटकली. "माझा नवरा चव्वेचाळीसमध्ये रुमानियात बेपत्ता झाला. आठ वर्षं थांबले. मग पेन्शनसाठी त्याला मृत ठरवावं लागलं. कचेरीत एक तरुण बाई होती, म्हणाली, इथे सही करा. केली. चेहरा कोणी दाखवला नाही. पाहिला असता तर कसं वाटलं असतं, मला माहीत नाही. पण माझ्या हातात असं नाणं आलं असतं, तर मी छाप काढला असता."

"आणि दिसलं नसतं काही?"

"तर एक वाईट छाप. माझ्याकडे पेटीभर आहेत."

मला हसू आलं. बातमी आल्यापासून पहिल्यांदा.

"प्लास्टर कालवा," मी म्हणालो.

७

त्या शेजारच्या खोलीत गेल्या. रबरी वाडग्यात पाणी ओतल्याचा, मग चमच्याचा आवाज येऊ लागला. मी तेलकट मातीची वडी मळून सपाट केली, नाणं त्यावर ठेवलं आणि अंगठ्यानं दाबलं. मऊ माती थोडी वर आली. चिमट्यानं नाणं उचललं.

साच्यात चेहरा आत गेलेला असतो, जणू कोणी पलीकडे तोंड करून बसलंय आणि आपण आतून पाहतोय. मी दिवा जवळ घेतला. गंजाचे खड्डे होते, रेघ होती. आणि त्यांच्यामध्ये दोन डोळे होते, सारखे, समोर पाहणारे. तोंड किंचित उघडं होतं. नाण्यांवरच्या देवी तोंड मिटून असतात.

खोलगट चेहरा पाहणाऱ्याबरोबर फिरतो, हे श्रीरंगनं सांगितलं होतं. मी डावीकडे सरकलो. चेहरा माझ्याबरोबर फिरला. मला बरं वाटलं. मी उजवीकडे सरकलो. या वेळी तो फिरला नाही. मी पुन्हा सरकलो, खाली वाकलो, दिवा विझवून खिडकीच्या उजेडात पाहिलं. तो माझ्या बाजूनं, मला ओलांडून, माझ्या मागे पाहत होता. मागे खोलीचं दार होतं. फ्राऊ लांगे जाताना ते उघडं ठेवून गेल्या होत्या.

मी मागे वळून पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

आता वाटतं, भीती अशी मला वाटलीच नाही. मी खोलीत होतो, टेबलाशी, हाताच्या अंतरावर, आणि तिला मी दिसत नव्हतो. ती अजून वाट पाहत होती. प्लास्टर ओतलं असतं तर आतला चेहरा बाहेर आला असता, तिनं मला पाहिलं असतं, आणि कुसुमला विचारलं तेच विचारलं असतं. कुसुमनं निदान काहीतरी उत्तर दिलं होतं. मला काय सांगता आलं असतं? दोन ट्रे संपवायचे होते, हे?

फ्राऊ लांगे वाडगा घेऊन आल्या. "तयार आहे. पटकन ओता, आज लवकर आवळतंय."

मी वाडगा हातात घेतला. त्याला ऊब येऊ लागली होती.

"हेर रेगे."

"हो."

"आवळतंय."

त्या दोनदा म्हणाल्या. आम्ही दोघं तिथं उभे होतो. थोड्या वेळानं त्यांनी वाडगा माझ्या हातातून घेतला, रबर दाबून पांढरा गोळा बाहेर काढला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. टेबलावरच्या साच्याकडे त्यांनी मान वळवली नाही.

"उद्या?" त्यांनी विचारलं.

"बघू," मी म्हणालो. जाताना दार लोटलं नाही.

मी बॉनला आणखी सव्वा वर्ष होतो. सूची १९६१ साली छापून आली. त्यात या ठशाची तेवीस नाणी नोंदवली आहेत, वजनांसकट. बाविसांचे छाप संस्थेत आहेत. तेविसाव्याचा मी काढला नाही.